दर्या, दऱ्या आणि ब्राउझरची कच्ची आवृत्ती

'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. दोन्ही शब्दांत फरक आहे तो केवळ 'र'च्या आकाराचा. एकात तो रफार होऊन 'या'च्या डोक्यावर बसतो. दुसऱ्यात आडव्या बाकदार रेषेने 'या'ला बाजूने बिलगतो. हिंदीत हा दुसरा 'र' नाही. म्हणून एखाद्या ब्राउझरने 'सह्याद्रीच्या दऱ्या' ऐवजी 'सह्याद्रीच्या दर्या' दाखवल्या, तर ती चूक कॅलिफोर्नियातल्या अभियंत्याच्या नजरेस पडणार नाही आणि दिल्लीतल्या अभियंत्याच्याही नाही. ती दिसेल नाशिकच्या अंबडमध्ये मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला. (जालना जिल्ह्यातल्या अंबडमध्येही दिसेलच, पण येथे गोष्ट नाशिकची.) आता ती त्याला केव्हा दिसावी, ब्राउझर कोट्यवधी लोकांच्या हाती पडल्यावर की त्याआधी, हा या थ्रेडचा विषय. 🧵

अंबडची ओळख औद्योगिक वसाहतीमुळे. तिथल्या कारखान्यात नवा सुटा भाग बनू लागला की पहिला नग तपासणीला जातो. मापे जुळली की मगच पुढचे उत्पादन. कच्चा नग फाटकाबाहेर पडत नाही आणि पडूही नये, कारण वाहनाचा सदोष भाग रस्त्यावर आला तर माणसाच्या जिवावर बेतते. सॉफ्टवेअरही प्रारंभी बहुतांशी याच शिस्तीत वाढले. आधी घरातली चाचणी, मग निवडक ग्राहकांकडची, आणि अखेरीस विक्री.

वेबने ही शिस्त मोडली. जानेवारी १९९३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून 'मोझॅक' या ब्राउझरची ०.५ क्रमांकाची आवृत्ती बाहेर पडली. ती अपुरी होती, हे तिच्या क्रमांकावरूनच कळत होते. तरीही इंटरनेट असलेल्या कोणालाही ती उतरवून घेता येत होती. १३ ऑक्टोबर १९९४ रोजी नेटस्केपनेही आपला ०.९ बीटा असाच सर्वांसाठी मोकळा केला. भारतात सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळाले ते त्यानंतर, १५ ऑगस्ट १९९५ पासून. म्हणजे वेबचा कच्चा माल चाखून पाहणाऱ्यांच्या पहिल्या पंगतीत मराठी माणसाचे पान जवळजवळ नव्हतेच.

खरा बदल मात्र ३१ मार्च १९९८ चा. त्या दिवशी नेटस्केपने ब्राउझरची मूळ संहिता 'मोझिला' या नावाने खुली केली. तिच्यासोबत आणखी दोन गोष्टी लोकांपुढे आल्या : रोजच्या रोज तयार होणाऱ्या बांधण्या, आणि 'बगझिला' ही चुकांची सार्वजनिक नोंदवही. चूक कोणी सांगितली, तिच्यावर कोण काय म्हणाले, ती का सुटली किंवा का सुटली नाही, हे सारे परक्यालाही वाचता येऊ लागले. या मोकळेपणाची किंमतही मोठी होती. मोझिला १.० यायला ५ जून २००२ उजाडले. चार वर्षे अर्धवट वस्तू चव्हाट्यावर राहिली आणि तोवर बाजार जवळजवळ पुरता इंटरनेट एक्सप्लोररने गिळला. प्रकल्प उभारणाऱ्यांपैकी एक, जेमी झविन्स्की, १९९९ च्या वसंतातच निराश होऊन बाहेर पडले. तरीही त्याच उघड्या कार्यशाळेतून २३ सप्टेंबर २००२ रोजी 'फिनिक्स ०.१' निघाला. त्याचा पुढे 'फायरबर्ड' झाला, मग 'फायरफॉक्स', आणि १.० ही आवृत्ती ९ नोव्हेंबर २००४ रोजी आली.

मराठीचा संबंध येतो तो इथे. लिपी-जुळणीचा आधार नसलेल्या त्या काळच्या ब्राउझरात पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाई आणि जोडाक्षरे पाय मोडून उभी राहत. मराठी वृत्तपत्रांनी आपापले फाँट काढून वेळ निभावली; एकाचा फाँट दुसऱ्याला चालत नसे. १७ जून २००८ च्या फायरफॉक्स ३ मध्ये मजकूर मांडण्याची यंत्रणा मुळापासून बदलली. तिच्या कच्च्या आवृत्त्या डिसेंबर २००६ पासून, म्हणजे दीड वर्ष, कोणालाही वापरून पाहता येत होत्या. पक्की आवृत्ती पहिल्या चोवीस तासांत ८०,०२,५३० वेळा उतरवली गेली आणि त्याचा गिनेस विक्रम झाला. विक्रमाची बातमी सर्वत्र छापून आली. देवनागरीच्या दृष्टीने मात्र त्याआधीचे दीड वर्ष अधिक मोलाचे होते.

यावर कोणी म्हणेल की चाचणी यंत्रानेही होते. होते खरी. 'हार्फबझ' ही अक्षरे जुळवणारी यंत्रणा भारतीय लिप्यांसाठी नव्याने घडवली गेली, तेव्हा विकिपीडियातून काढलेल्या असंख्य शब्दांवर तिची मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेशी तुलना केली गेली. काम उत्तम झाले. पण अशी तुलना दोन यंत्रणा कुठे वेगळ्या पडतात तेवढेच सांगते. दोघींनी मिळून एकच चूक केली तर ती पकडायला वाचणारे माणूसच लागते. 'आचार्यांना जेवू घाला' आणि 'आचाऱ्यांना जेवू घाला' या दोन्ही वाक्यांवर यंत्र समाधानी असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : कंपन्यांनी ग्राहकाला बिनपगारी तपासनीस केले. हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. जीमेलने २००४ ते २००९ अशी पाच वर्षे 'बीटा'ची पाटी मिरवली. ती पाटी चाचणीची कमी आणि जबाबदारी टाळण्याची अधिक वाटते. कच्च्या आवृत्त्या वापराची माहितीही पक्क्या आवृत्तीपेक्षा जास्त गोळा करतात, तेव्हा बँकेचे व्यवहार त्यांत न केलेले बरे. परंतु ज्या भाषेच्या मागे मोठा बाजार नाही, तिच्यापुढे पर्याय कोणता? बंद दाराआडच्या चाचणीला मराठी वाचक बोलावला जाईलच, असे मानायला इतिहासात फारसा आधार नाही. फुकटचे काम हा अन्याय खराच. पण ते काम करण्याची संधीच नसणे हा मराठीसाठी त्याहून मोठा अन्याय ठरेल.

दार अजून सताड उघडेही नाही. बगझिलाचा व्यवहार इंग्रजीत चालतो. ज्याला चूक सर्वांत आधी दिसते, त्यालाच ती सांगणे सर्वांत अवघड जाते. आयफोनवर कच्ची ॲप वाटण्याचा अधिकृत मार्ग ॲपलच्या 'टेस्टफ्लाइट'मधून जातो आणि तिथे एका ॲपला बाहेरचे दहा हजारच परीक्षक घेता येतात. त्या दहा हजारांत मराठी वाचणारे किती असतील, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. अँड्रॉइडवर स्थिती बरी आहे : फायरफॉक्स नाइटली आणि क्रोम कॅनरी दोन्ही प्ले स्टोअरवर कोणालाही मिळतात. फायरफॉक्सची नाइटली बांधणी मराठीतही असते.

अंबडच्या वसाहतीत एमआयडीसीने माहिती तंत्रज्ञान उद्योगासाठी इमारत बांधली आणि ती वर्षानुवर्षे रिकामी राहिली. कंपनी येईल, मग काम येईल, ही वाट नाशिकच्या तरुणांनी पुष्कळ पाहिली आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आनंदही योग्यच. पण 'दऱ्या'चा 'दर्या' होतो की नाही हे पाहायला इमारत लागत नाही आणि शासन निर्णयही लागत नाही. चूक दिसलेल्या पडद्याचे एक चित्र आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीतल्या दोन ओळी पुरतात. अशा नोंदी इंग्रजीच्या सौष्ठवावर जोखल्या जात नाहीत.

फायरफॉक्सचे चक्र २०२० पासून चार आठवड्यांचे आहे. आज नाइटलीत शिरलेली चूक जास्तीत जास्त चार आठवड्यांनी बीटात पोहोचते आणि आणखी चार आठवड्यांनी पक्क्या आवृत्तीत. म्हणजे मराठी वाचकाच्या हाती फार तर सुमारे आठ आठवडे असतात.