वावर, पासपोर्ट आणि हक्कसोड



रिसोड तालुक्यातल्या एका गावात सोयाबीनची मळणी आटोपल्यावर गटाची बैठक होती. विषय रेशनकार्डांचा होता. बैठक उठता उठता मागे बसलेल्या एका मावशींनी पदराआडून घडी घातलेला कागद काढला आणि विचारले, “ताई, पोरीनं तिकडचा पासपोर्ट घेतला त् इकडच्या वावरातलं तिचं नाव जाते काय?”

कागद हक्कसोडपत्राचा होता. सगळा मजकूर टाईप केलेला, फक्त सहीची जागा कोरी. मावशींची मुलगी पुण्यात शिकली, तिथेच नोकरीला लागली, कॅनडाच्या मुलाशी तिने लग्न केले आणि त्याच्या देशात गेली. काही वर्षांनी तिने तिथले नागरिकत्व घेतले. गेल्या साली मावशींचे यजमान वारले. आता दोघे भाऊ म्हणतात, ती परदेशी झाली, परदेशी माणसाच्या नावावर शेती चालत नाही, सही केली नाही तर सरकार वावरच ताब्यात घेईल. दिवाळीला ती आली की सही घ्यायची, असे ठरलेले.

हा प्रश्न आम्हाला नवा होता. दुहेरी नागरिकत्व म्हटले की आपल्यातल्या अनेकींना वाटते, हा विमानाने फिरणाऱ्यांचा विषय, रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या बाईचा त्याच्याशी काय संबंध? पण वाशीम जिल्ह्यातल्या पाच एकर कोरडवाहू वावरापर्यंत हा विषय येऊन पोचला आहे, आणि तोही हक्कसोडपत्राच्या रूपाने. म्हणून यावेळचे संपादकीय त्यावर.

आधी मावशींच्या प्रश्नाचे उत्तर. नाही, नाव जात नाही.

भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही, हे खरे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय माणसाने आपणहून दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की त्याच क्षणी इथले संपते. त्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो आणि तो वापरत राहणे हा गुन्हा ठरतो. त्याच्या बदल्यात २००५ पासून मिळते ते ओसीआय कार्ड. त्याचे पूर्ण नाव मराठीत करायचे तर ‘परदेशस्थ भारतीय नागरिक’ असे होईल, आणि हे नावच फसवे आहे. त्या कार्डावर जन्मभर भारतात ये-जा करता येते, राहता येते, बहुतेक नोकऱ्या करता येतात. मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.

भावांनी धरले ते एवढे शेवटचे वाक्य. विकत घेता येत नाही, इथेच ते थांबले. पण वारसाने आलेली शेती ठेवता येते. विकायचीच झाली तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते, एवढेच बंधन. सरकार जप्त करील ही शुद्ध थाप आहे.

आणि मुलीचा वारसा आहे तो कुणाच्या मेहेरबानीने नाही. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध वाटा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. ती अट २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने गेली. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले की दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात होते की नाही याने फरक पडत नाही. या कायद्यात मुलगी कोणत्या देशाची नागरिक आहे असा प्रश्न कुठेच विचारलेला नाही. हा प्रश्न भावांनी घातला आहे. पूर्वी ‘दिल्या घरी गेली’ म्हणून नाव कमी करत, आता ‘दिल्या देशी गेली’ म्हणून.

शेतकरी संघटनेने नव्वदच्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा बायकोच्या नावावर जमीन करणारी घरे निघाली होती. त्याच विदर्भात आज बहिणीचे नाव काढायला पासपोर्टाचा आधार घेतला जातो आहे.

पण मावशींच्या मुलीची गोष्ट वावरापाशी संपत नाही. तिने कॅनडाचे नागरिकत्व का घेतले, हे आम्ही मावशींना विचारले. त्या म्हणाल्या, “तिचं कामच तसं होतं म्हणते. अन् पोरं तिकडची.” दोन देशांतल्या माणसांनी लग्न केले की कुणीतरी एकाने आपला देश सोडायचा असतो. तो कुणी सोडायचा, हे कायदा सांगत नाही. पगार, सासर आणि ‘बाईने जायचे असते’ ही जुनी रीत सांगते. त्याला आपण निवड म्हणतो. हवापालटासारखा शब्द वाटतो तो. ज्या निवडीत एकीच्याच बाजूला नोकरी, भाषा, मत आणि माहेर सुटते, तिला निवड म्हणावे का, याचा विचार व्हायला हवा.

नवरा-बायको दोघेही भारतीय असले तरी तिकडे गेल्यावर काय होते पाहा. अमेरिकेत नवरा कामाच्या व्हिसावर जातो, बायको ‘एच-४’ या आश्रिताच्या व्हिसावर. एम.एस्सी. झालेली असो की डॉक्टर, या व्हिसावर तिला काम करता येत नसे. २०१५ मध्ये काहींना परवानगी मिळू लागली, तीही नवऱ्याचा कायम रहिवासाचा अर्ज ठरावीक टप्प्यावर पोचला असेल तरच. म्हणजे तिच्या पोटापाण्याची तारीख नवऱ्याच्या फायलीवर लिहिलेली. नवऱ्याने मारले आणि तिने तक्रार केली, त्याची नोकरी गेली, तर तिचा व्हिसाही गेला. मार खाऊन गप्प राहण्याचे हे कारण आपल्या गावात नव्हते, ते परदेशाने दिले.

ती मुलांना घेऊन माहेरी परतली तर आणखी वेगळेच. मुले तिकडे जन्मलेली, तिकडची नागरिक. १९८० च्या हेग करारानुसार एका पालकाने मुलाला दुसऱ्याच्या संमतीवाचून देशाबाहेर नेले तर मूल परत पाठवायचे असते. भारताने या करारावर सही केलेली नाही. तरीही तिकडच्या न्यायालयाच्या लेखी ती मूल पळवणारी ठरते आणि त्या देशात पुन्हा पाऊल ठेवणे तिला अवघड होते. सही न करण्याच्या बाजूने आपण बोलतो ते मार खाऊन परतणाऱ्या आयांसाठी. मात्र हीच पळवाट मूल घेऊन भारतात येणारे बापही वापरतात, हे आपण सहसा बोलत नाही. बोलायला हवे.

तिकडून एकतर्फी घटस्फोट पाठवला तर? १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की ज्या कायद्याखाली लग्न झाले त्यातले कारण नसेल आणि बायको त्या न्यायालयापुढे आपणहून गेली नसेल, तर असा हुकूम इथे चालत नाही. निकाल चांगला आहे. पण पोटगी वसूल करायला नवरा इथे सापडावा लागतो. १९९४ मध्ये त्याच न्यायालयाने अशा लग्नांसाठी वेगळा कायदा करा असे सुचवले. २०१९ मध्ये एक विधेयक राज्यसभेत आले आणि तिथेच राहिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने पुन्हा अहवाल दिला. तीस वर्षांत सूचनेवर सूचना, कायदा नाही. परित्यक्तांच्या परिषदा आपण ऐंशी-नव्वदच्या दशकांत घेतल्या तेव्हा टाकून देणारा नवरा मुंबईला किंवा सुरतेला गेलेला असे. त्याला शोधायला बाई निदान रेल्वेने जाऊ शकत होती.

आता उलटी बाजू. जोडीदार इकडे येतो तेव्हा आपला कायदा काय करतो?

१९५५ चा कायदा झाला तेव्हा भारतीय पुरुषाच्या परदेशी बायकोला नोंदणीने नागरिक होता येई. कलमात शब्दच ‘स्त्रिया’ असा होता. भारतीय बाईच्या परदेशी नवऱ्याला ही सोय नव्हती. कारण उघड आहे, बाईने नवऱ्याच्या देशात जायचे असते! १९८६ मध्ये ‘स्त्रिया’च्या जागी ‘व्यक्ती’ आले आणि पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आली, ती २००३ च्या दुरुस्तीने सात वर्षांची झाली. मुलांचे तर त्याहून वाईट. परदेशात जन्मलेले मूल भारतीय ठरे ते फक्त बाप भारतीय असेल तर. आई भारतीय असून उपयोग नव्हता. हे बदलले १० डिसेंबर १९९२ पासून. प्रजासत्ताकाची बेचाळीस वर्षे आईचे रक्त कागदावर धरले गेले नाही. जगात आजही सुमारे दोन डझन देशांत आईला बापासारखे आपले नागरिकत्व मुलाला देता येत नाही. कुवेत आणि कतार त्यांतले.

परदेशी बायका आपल्याकडे पूर्वीपासून येत आल्या. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेली एक मुलगी १९३२ मध्ये विक्रम खानोलकरांशी लग्न करून सावित्रीबाई झाली आणि पुढे तिने परमवीर चक्राचा आकार घडवला. आपल्या वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे यांनी १९३६ मध्ये मेक्सिकोत बेल्जियमच्या जीन सिंदिक यांच्याशी लग्न केले, आणि पन्नाशीच्या दशकात ते कुटुंब नागपूरला आले. या बायकांचे आपण कौतुक करतो ते त्या ‘आपल्यासारख्या’ झाल्या म्हणून. भारतीय बाईशी लग्न करून इकडे राहायला आलेल्या नवऱ्यांची अशी कौतुके फारशी ऐकू येत नाहीत. त्याला घरजावई म्हणायचे आणि हसायचे.

आज परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्ड मिळते ते लग्न नोंदवून दोन वर्षे टिकल्यावर. पण याच कायद्याच्या कलम ७-ड मध्ये असेही आहे की घटस्फोट झाला तर हे कार्ड रद्द करता येते. वीस वर्षे इथे राहिलेली, इथे कमावणारी, इथल्या शाळेत मुले घातलेली बाई नवऱ्यापासून सुटली की तिच्या राहण्याचा आधारच काढून घेता येतो. अमेरिकेच्या ‘एच-४’ला नावे ठेवताना आपला हा आरसा पाहिलेला बरा.

पाकिस्तान आणि बांगलादेशच्या माणसांना तर हे कार्डही नाही. तिथून लग्न होऊन आलेल्या बायका दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात. तिकडे लग्न करून गेलेली, तिकडची नागरिक झालेली मूळची भारतीय बाई विधवा किंवा घटस्फोटित होऊन परत येऊ पाहते, तेव्हा या व्हिसाच्या नियमांत तिच्यासाठी एक अट आहे. तिला तिकडे आधार देणारा कुणी पुरुष नसला पाहिजे. तिला माहेरी यावेसे वाटते, हे कारण पुरत नाही. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ च्या अखेरीस पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसे रद्द झाले. दीर्घ मुदतीचे त्यातून वगळले होते. तरी अटारीच्या फाटकाशी भारतीय पासपोर्ट असलेल्या आया आणि पाकिस्तानी पासपोर्ट असलेली त्यांची मुले, यांची ताटातूट साऱ्या देशाने पाहिली. निरपराधांना मारणाऱ्यांचा निषेध करावा तेवढा थोडा. पण त्या शिक्षेचा हिशेब दूध पिणाऱ्या पोरांच्या पासपोर्टावर का मांडला गेला?

मग आपण दुहेरी नागरिकत्वाची मागणी करायची का? गटात एकमत नाही. काही जणींना वाटते, दोन्हीकडे मत असलेली बाई दोन्हीकडे कमी दबेल. दुसऱ्या म्हणतात, २००३ मध्ये जेव्हा सरकारने हा विषय हाती घेतला तेव्हा नजर श्रीमंत देशांतल्या डॉलरवर होती, तिथल्या बायकांवर नव्हती, आणि आताही तसेच होईल. माझे स्वतःचे मत दुसऱ्या बाजूला झुकते. दुहेरी नागरिकत्व मिळेल तेव्हा मिळो. त्याआधी कलम ७-ड मधला घटस्फोटाचा मुद्दा जावा, व्हिसाच्या नियमांतला पुरुषाच्या आधाराचा मुद्दा जावा, आणि परदेशी लग्नांचा रखडलेला कायदा यावा. या तीन गोष्टींना राज्यघटना बदलावी लागत नाही. भारताने १९९३ मध्ये स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला, त्याच्या नवव्या कलमात नागरिकत्वाच्या समान हक्काचे वचन आहेच.

गावपातळीवर काम आहे ते कागदांचे. लग्न परदेशी मुलाशी असो वा परदेशात राहणाऱ्याशी, ते इथे नोंदवल्याशिवाय मुलीने विमानात बसू नये. पासपोर्ट तिच्याजवळच राहावा, सासूच्या कपाटात नको. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव, बापाचे नाव, आडनाव, तिन्ही बदलतात. शाळेच्या दाखल्यावर एक बाई, आधारवर दुसरी, सातबाऱ्यावर तिसरी. पासपोर्टासाठी नवरा दाखवावाच लागतो ही अट २०१६ च्या अखेरीस गेली आहे, नाव बदलायची सक्ती तर कधीच नव्हती. ज्यांना परत यायचे असेल त्यांनी हेही लक्षात ठेवावे की ओसीआय कार्ड होऊन पाच वर्षे झाली आणि अर्जाआधी वर्षभर भारतात राहिले, तर पुन्हा भारतीय नागरिक होण्यासाठी अर्ज करता येतो. दार बंद नसते. अरुंद असते.

मावशींना आम्ही आणखी एक गोष्ट सांगितली. यजमानांच्या वाट्यात मुलगे आणि मुलगी यांच्याबरोबर विधवेचाही हिस्सा असतो. त्या बराच वेळ गप्प बसल्या. हे त्यांना घरात कुणी सांगितले नव्हते. हक्कसोडपत्राच्या दुसऱ्या पानावर खाली आणखी एक कोरी जागा होती, ती त्यांच्या अंगठ्यासाठी होती.

हा अंक छापायला जाताना कळले की मुलगी दिवाळीला येऊन गेली. सही झाली नाही. वारस नोंदीचा अर्ज मावशींनी स्वतः तलाठ्याकडे दिला आहे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे), त्यात चार नावे आहेत. धाकटा मुलगा अजून आईशी बोलत नाही.