अडीच गुंठ्यांचे बक्षीस



आपल्या परसातील दुधीच्या वेलाला पहिले फळ धरले म्हणजे ते शेजाऱ्याच्या दृष्टीस पडावे असे कोणाला वाटत नाही? आणि तेच फळ शेजाऱ्याच्या वेलाला आधी धरले, तर मनाच्या एका कोपऱ्यात किंचित काटा रुतल्यावाचून राहत नाही. कौतुकाची ही भूक आणि मत्सराचा हा काटा, दोन्ही एकाच मातीत उगवतात. म्हणूनच उत्तम राखलेल्या बागेला बक्षीस देण्याची जी प्रथा युरोपातील अनेक देशांत दीर्घकाळ चालत आली आहे, तिचा विचार आपल्यासारख्या खेड्यापाड्यांतील कुटुंबांनी अवश्य करावा. अशा स्पर्धेने माणसे उद्यमी होतात, तशीच ती एकमेकांपासून दुरावूही शकतात. यांपैकी काय घडेल, हे पुष्कळ अंशी स्पर्धेच्या नियमांवर अवलंबून असते.

प्रथम या बागा म्हणजे काय ते पाहू. इंग्लंडमध्ये कारखान्यांचा विस्तार झाला, तेव्हा खेड्यांतील लक्षावधी कुटुंबे शहरांतील कोंदट चाळींत येऊन राहिली. ज्यांच्या आजोबांनी नांगर धरला होता, त्यांना कोथिंबिरीची एक काडी लावायलाही स्वतःची जागा उरली नाही. तेव्हा गावच्या किंवा नगरपालिकेच्या जमिनीचे लहान तुकडे पाडून ते अल्प खंडाने अशा कुटुंबांना कसायला देण्याची पद्धत वाढीस लागली. या तुकड्यांना तिकडे 'अलॉटमेंट' म्हणतात. १९०८ च्या कायद्याने अशा जमिनीची मागणी पुरवणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरवले. पुढे १९२५ च्या कायद्याने या कामासाठी घेतलेली जमीन सरकारी संमतीवाचून विकण्यास मनाई केली. तुकड्याचे रूढ माप दहा पोलांचे. आपल्या हिशेबाने ते बरोबर अडीच गुंठे होतात. एका कुटुंबाला वर्षाची बरीचशी भाजी देण्यास एवढी जागा पुरेशी, आणि एका माणसाच्या सायंकाळच्या श्रमांनाही ती झेपणारी.

दुसऱ्या महायुद्धात अन्नाची जहाजे बुडू लागली, तेव्हा तेथील सरकारने कुदळ हाती घेण्याचे आवाहन केले, आणि १९४३ पर्यंत अशा तुकड्यांची संख्या सुमारे चौदा लाखांवर गेली. युद्ध संपले, दुकाने भरली, आणि संख्या झपाट्याने उतरली. आज ती तीन लाखांहून थोडी अधिक असावी असा अंदाज आहे. पण जेथे या बागा टिकल्या आहेत, तेथे उन्हाळ्यात पुष्कळ नगरपालिका व बागाईतदारांच्या संस्था उत्तम राखलेल्या तुकड्याची स्पर्धा भरवतात. परीक्षक हातात कागद घेऊन बांधाबांधाने फिरतात. पीक निरोगी आहे काय, तण किती आहे, नाना प्रकारच्या भाज्या आहेत की एकाच भाजीने जागा व्यापली आहे, वाटा मोकळ्या आहेत काय, खताचा ढीग नीट लावला आहे काय, अवजारांची झोपडी व्यवस्थित आहे काय, असे सर्व पाहून ते गुण देतात. अनेक ठिकाणी नवख्यांसाठी निराळे बक्षीस असते. अलीकडे मधमाश्या, फुलपाखरे, बेडूक यांना बागेत थारा आहे की नाही, हेही पाहिले जाऊ लागले आहे. हा बदल मला योग्य वाटतो. कारण औषधे मारून आरशासारखी स्वच्छ केलेली जमीन दिसायला सुंदर असली, तरी जिवंत असतेच असे नाही.

या तणाच्या गुणांमागे एक मर्म आहे, ते शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. माझ्या वाफ्यातील तणाचे बी वाऱ्याबरोबर बांध ओलांडून तुझ्या वाफ्यात पडते. म्हणजे माझा आळस हा केवळ माझा राहत नाही. स्पर्धेच्या निमित्ताने सर्वांनीच खुरपे उचलले, तर बक्षीस एकाला मिळते आणि लाभ सगळ्यांच्या पदरात पडतो.

आता नॉटिंगहॅम या गावची एक हकिकत सांगतो. हे गाव लेस विणण्याच्या धंद्यासाठी प्रसिद्ध होते. त्याच्या कडेला 'हंगर हिल' म्हणजे भुकेची टेकडी या नावाच्या उतारावर कामगारांच्या बागा होत्या. सेंट ॲन्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बागा सुमारे ७५ एकर पसरल्या असून आजही कसल्या जातात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर तेथील कामगारांनी ईस्टरच्या सोमवारी गुलाबांचे प्रदर्शन भरवले, आणि परीक्षक म्हणून जवळच्या कॉन्टन गावचे अँग्लिकन धर्मगुरू रेनल्ड्स होल यांना पत्र पाठवले. होल हे गुलाबांचे मोठे जाणकार होते. १८५८ साली लंडनमध्ये पहिले राष्ट्रीय गुलाब प्रदर्शन भरले, ते त्यांच्याच खटपटीने. तरीही पत्र वाचून त्यांना संशय आला, की ही एप्रिल महिन्यातील थट्टा तर नसेल? कारण इंग्लंडात त्या दिवसांत उघड्यावर गुलाब फुलत नाहीत.

ते गेले, आणि पाहतात तो एका साध्या खाणावळीच्या माडीवर मोठमोठ्या बागांना शोभतील असे गुलाब बाटल्यांत मांडलेले! अल्प वेतनाच्या या कारागिरांनी पदरमोड करून लहानशा काचघरांत ते वाढवले होते. हिवाळ्याच्या कडाक्यात झाडे गारठू नयेत म्हणून घरच्या बिछान्यावरील घोंगड्या काढून त्यांवर पांघरल्या गेल्या होत्या, हेही होल यांच्या कानी आले. १८६९ साली प्रसिद्ध झालेल्या गुलाबांवरील आपल्या पुस्तकात त्यांनी हा सारा वृत्तांत आदराने लिहून ठेवला आहे.

या घोंगडीचा विचार मनातून लवकर जात नाही. त्या माणसांना बक्षिसाची जी काही रक्कम मिळाली असेल, तिने त्या थंड रात्रींची भरपाई झाली नसणार. दिवसभर मालकाच्या यंत्रापाशी उभे राहणाऱ्या माणसाला, हे मी केले, हे माझे आहे, असे म्हणण्याजोगी एकच गोष्ट होती. ती कोणीतरी जाणत्याने पाहावी, एवढीच त्याची इच्छा होती. परीक्षकाचे खरे काम हेच असते. गुण देण्याच्या आधी त्याने नीट पाहिले पाहिजे. तथापि मनात आणखी एक प्रश्न उभा राहतो: ती घोंगडी काढली, तेव्हा त्या बिछान्यातील मुलांना थंडी वाजली नसेल काय? कौतुकाची हौस घरच्या माणसांच्या अंगावरचे पांघरूण ओढू लागली, म्हणजे तिला आवर घालायला हवा.

आपल्या कॅथलिक कुटुंबांना या चळवळीचे आणखी एक नाते ठाऊक असावे. फ्रान्समध्ये कामगारांच्या बागांची चळवळ उभी करणाऱ्यांत धर्मगुरू अग्रभागी होते. सेंट एतियेन या खाणींच्या गावी येशूसंघीय फादर व्होल्पेत यांनी १८९४ साली कामगार कुटुंबांसाठी बागा सुरू केल्या. उत्तरेकडील हाझब्रुक येथील फादर ज्यूल लमिर हे १८९३ पासून फ्रान्सच्या लोकसभेचे सभासद होते. त्यांनी १८९६ साली जमिनीचा कोपरा आणि घरची चूल या दोन शब्दांवर आधारलेली एक संघटना स्थापन केली. १९२८ साली त्यांचे निधन झाले, परंतु तिचे कार्य पुढे चालू राहिले. त्यांच्या मते बाग ही नुसत्या गरिबाला दिलेली भाजीची मदत नव्हे. बागेमुळे बाप दारूच्या गुत्त्याकडे न वळता मुलांसह मोकळ्या हवेत येतो, आई शेजारणीशी दोन शब्द बोलते, आणि कुटुंब एकत्र राहते. आयत्या भाकरीपेक्षा भाकरी पिकवण्याची जागा देणे त्यांना श्रेष्ठ वाटले, कारण त्यात घेणाऱ्याची मान खाली जात नाही.

परंतु नाण्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे. इंग्लंडच्या ईशान्य भागातील खाणकामगार 'लीक' नावाची, कांद्याच्या कुळातील एक जाड दांड्याची भाजी वाढवण्यात निष्णात. तेथे या भाजीच्या आकाराची स्पर्धा लागते, आणि युद्धोत्तर काळात कित्येक मंडळांची बक्षिसे म्हणजे घरचे फर्निचर व मोठमोठी उपकरणे असत. बक्षीस मोठे झाले, तशी दृष्टी बदलली. खतपाण्याचे गुपित बाप मुलाखेरीज कोणास सांगेना. स्पर्धेच्या आदल्या दिवसांत रात्री कोणी येऊन चाकूने पिकाचे तुकडे करून जाई, म्हणून माणसे बागेतील झोपडीत पहारा करीत निजू लागली. रोपांची अदलाबदल होऊ नये म्हणून त्यांवर आधीच खुणा कराव्या लागल्या. जी भाजी शेजाऱ्याच्या रश्श्यात पडायची, ती शेजाऱ्यापासून राखण्याची वेळ आली. भाजी मात्र खरोखर उत्तम होती, ही यातील दुःखाची गोष्ट.

जर्मनीने या बाबतीत निराळी वाट धरली आहे. तेथे या बागांना लाइपझिगचे डॉक्टर श्रेबर यांचे नाव मिळाले. श्रेबर १८६१ साली वारले, आणि त्यांच्या नावाची संस्था १८६४ साली त्यांच्या पश्चात निघाली. तिने आरंभी मुलांसाठी क्रीडांगण केले, आणि त्याच्या कडेला बागा नंतर आल्या. १९८३ च्या कायद्याप्रमाणे तेथे तुकडा ४०० चौरस मीटरहून, म्हणजे सुमारे चार गुंठ्यांहून, मोठा नसावा आणि त्यातील घरकुल २४ चौरस मीटरहून अधिक नसावे. तेथील राष्ट्रीय स्पर्धेत एका माणसाच्या वाफ्याऐवजी सबंध वसाहतीची परीक्षा होते. वसाहत गावाच्या उपयोगी पडते काय, निसर्गाला जपते काय, नव्या आलेल्यांना सामावून घेते काय, हेही पाहिले जाते. अशा स्पर्धेत म्हाताऱ्या शेजाऱ्याचा वाफा तणाने भरला असेल, तर त्याची निंदा करून भागत नाही. खुरपे घेऊन त्याच्या बांधावर जावेच लागते.

वाचकहो, आपल्याकडे नगरपालिकेने वाटलेले तुकडे नसले, तरी बहुतेक खेड्यांतील घरांना परस आहे. बेळगावकडील घरामागे वांगी, मिरची, वाल आणि मुळा, तर गोव्यात पावसाळ्यात तांबडी भाजी, भेंडी, दोडका, काकडी. महाराष्ट्रातील शाळांतून पोषण आहाराच्या योजनेला जोडून परसबागा लावल्या जातात, आणि त्यांच्या स्पर्धाही घेतल्या गेल्या आहेत. मग आपल्या धर्मग्रामांत कुटुंबांच्या परसबागांची स्पर्धा का भरू नये? गोव्यातील अनेक गावांत ऑगस्टच्या सुमारास नव्या भाताच्या कणसांना चर्चमध्ये आशीर्वाद दिला जातो. त्याच दिवसांत पावसाळी भाजीही ऐन भरात असते. बक्षिसाला याहून शोभेसा मुहूर्त कोणता?

मात्र वर सांगितलेल्या अनुभवांवरून काही गोष्टी आधीच ठरवून घ्याव्या. परीक्षक दुसऱ्या गावचा असावा, आणि त्याच्या कागदावर नावांऐवजी घरांचे क्रमांक असावेत. त्याने दोनदा यावे, त्यांपैकी एकदा न कळवता. म्हणजे आदल्या रात्रीची झाडलोट आणि सहा महिन्यांची मशागत यांतील फरक त्याला दिसेल. विहीर असलेल्या घराची आणि डोक्यावरून घागरी आणणाऱ्या घराची तुलना एका पंक्तीत करू नये. पाणी व जागा पाहून वर्ग पाडावे. दुधी किती लांब झाला यापेक्षा परसातून स्वयंपाकघरात किती दिवस भाजी गेली, हे घरच्या बाईला विचारावे, कारण तिच्याइतका खरा हिशेब दुसऱ्या कोणाजवळ नसतो. बक्षीस लहान असावे. एक चांगले खुरपे, एक झारी, किंवा कलमी आंब्याचे रोप पुरे. मोठे बक्षीस पहाऱ्याला निमंत्रण देते. आणि मुख्य बक्षीस एका घराला न देता वाड्याला द्यावे. ज्या वाड्यातील एकही परस ओसाड राहिले नाही, तो वाडा पहिला.

या शेवटच्या नियमाला कोणी हरकत घेईल, की कष्ट करणाऱ्याचे श्रेय आळशाच्या वाट्याला जाईल. हरकत अगदीच खोटी नाही. पण प्रत्येक ओसाड परसामागे आळसच असतो काय? कोठे नवरा बोटीवर आहे, कोठे मुले मुंबईला गेली आहेत, कोठे म्हातारीचे गुडघे वाकत नाहीत. अशा परसातील तण हे त्या घरच्या एकटेपणाचे चिन्ह असते. ते ज्या शेजाऱ्याला दिसेल, आणि आपल्या वाफ्याचे काम आटोपून जो तासभर तिकडे खुरपे घेऊन जाईल, त्याच्यासाठी परीक्षकाच्या कागदावर एक रकाना अवश्य राखावा.

पाऊस तोंडावर आला की बी निवडायला बसाल, तेव्हा मूठभर जास्त निवडा. शेजारच्या ओसाड परसाला ती लागेल.