बदली सुटीत न मावणारा रविवार

जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांची एका अंतर्गत बैठकीतील ध्वनिचित्रफीत बाहेर आली. आठवड्याला नव्वद तास काम करावे, असा पुरस्कार त्यांनी तीत केला होता आणि कर्मचाऱ्यांकडून रविवारी काम करून घेता येत नाही याची खंतही बोलून दाखवली होती. देशभर टीका झाली. ती मुख्यत्वे आरोग्य, कुटुंब आणि वेतन या अंगांनी झाली. घरी बसून पत्नीकडे किती वेळ पाहत राहणार, या त्यांच्या प्रश्नाची यथेच्छ थट्टाही झाली. रविवार हा ज्यांच्यासाठी आधी उपासनेचा आणि मग विश्रांतीचा वार आहे, त्या ख्रिस्ती नोकरदारांचे काय, हा प्रश्न मात्र त्या गदारोळात मागेच राहिला. २०११ च्या जनगणनेनुसार दर चार माणसांमागे एक ख्रिस्ती असलेल्या गोव्यात तो मागे राहायला नको होता.

कॅथलिक धर्मनियमानुसार रविवारच्या मिस्साला उपस्थित राहणे हे श्रद्धावंतावर बंधन आहे आणि उपासनेत अडथळा आणणाऱ्या कामापासून त्या दिवशी दूर राहणेही अपेक्षित आहे. पण बंधनाची भाषा थोडी बाजूला ठेवली तरी मुद्दा उरतोच. रविवारची उपासना एकट्याने करण्याची नव्हे. गायनवृंद त्या सकाळी जमतो, मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग त्याच दिवशी भरतात, मिस्सानंतर चर्चच्या आवारात आजारी शेजाऱ्याची विचारपूस होते आणि फेस्ताची कामे वाटली जातात. ज्याची साप्ताहिक सुटी बुधवारी आहे, त्याला झोप मिळते, बाजारहाट करता येतो. बुधवारीही चर्च उघडे असते, मिस्साही होते. फक्त ज्यांच्यासोबत ती ऐकायची ती माणसे त्या वेळी आपापल्या कामावर असतात. बदली सुटी तासांची भरपाई करते, सोबतीची करू शकत नाही.

गोव्याच्या अर्थव्यवस्थेची घडणच या पेचाला पोसणारी आहे. पर्यटनाचा आठवडा शुक्रवारी संध्याकाळी भरात येतो आणि रविवारी दुपारी ओसरतो. हॉटेलांतील स्वागतकक्ष, स्वयंपाकघर, खोल्यांची व्यवस्था या सर्व विभागांना याच काळात पूर्ण मनुष्यबळ लागते. वेर्णा औद्योगिक वसाहतीतील औषधनिर्मितीची यंत्रे वार पाहून थांबत नाहीत. परदेशी ग्राहकांसाठी रात्रपाळी करणाऱ्यांचा शनिवार तर झोपेतच उगवतो. चर्चने आपल्या बाजूने सवलत दिली आहे. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते. कार्यालयात काम करणाऱ्याला तिचा मोठा आधार होतो. हॉटेलात काम करणाऱ्यासाठी मात्र शनिवारची संध्याकाळ हीच आठवड्यातील सर्वाधिक गर्दीची वेळ असते.

वेळेखेरीज सदसद्विवेकाचाही प्रश्न आहे. मांडवीतील कॅसिनोंना चर्चशी संलग्न संस्थांनी वेळोवेळी विरोध केला आणि त्याच कॅसिनोंच्या वेतनावर ख्रिस्ती घरेही चालतात. हा ताण खरा आहे. पण उद्दिष्टापायी ग्राहकाला नको ती पॉलिसी गळ्यात मारण्यास नकार देण्यासाठी ख्रिस्ती असावे लागत नाही, साधा प्रामाणिकपणा पुरतो. वेळेचा पेच तसा नाही. तो सोडवणे एकट्याच्या हाती नसते. त्यासाठी हजेरीपट लावणाऱ्याची संमती लागते.

कायद्याचा आधार शोधू गेल्यास फारसे काही हाती लागत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुटीसाठी रविवारच गृहीत धरला होता, मात्र त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांतील एखादा दिवस बदली देण्याची मुभा व्यवस्थापनाला ठेवली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांपैकी व्यावसायिक सुरक्षेविषयीची संहिता आठवड्यात सहा दिवसांपेक्षा अधिक काम घेण्यास मनाई करते. तो सातवा दिवस कोणता, याचा आग्रह ती धरत नाही. शिवाय व्यवस्थापकीय पदावरील माणूस तिच्या व्याख्येत कामगार ठरतच नाही. म्हणजे पदोन्नतीबरोबर हे तोकडे संरक्षणही सुटते. संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदातील धर्मस्वातंत्र्य प्रामुख्याने शासनाला बांधते. खासगी मालकाने कर्मचाऱ्याच्या श्रद्धेसाठी वाजवी सोय करावी, असे बंधन घालणारा सर्वसाधारण कायदा भारतात नाही.

अमेरिकेत तो आहे, पण तिथेही तो अनेक दशके क्षीण होता. जेराल्ड ग्रॉफ हे पेनसिल्व्हेनियातील इव्हँजेलिकल ख्रिस्ती टपाल कर्मचारी. ते २०१२ मध्ये टपाल खात्यात लागले तेव्हा रविवारी बटवडा नव्हता. पुढे खात्याने ॲमेझॉनशी करार केला आणि रविवारीही पार्सले पोहोचवणे सुरू झाले. ग्रॉफ यांनी त्या कामातून वाचण्यासाठी लहान कार्यालयात बदली घेतली. रविवारचे काम तिथेही येऊन पोहोचले. त्यांच्या वाट्याची पार्सले सहकाऱ्यांना आणि प्रसंगी खुद्द पोस्टमास्तरांना वाटावी लागली. शिस्तभंगाच्या कारवाया वाढत गेल्या आणि २०१९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. किरकोळ खर्चाचे कारणही मालकाला सोय नाकारण्यास पुरते, असा १९७७ च्या एका निकालाचा अर्थ तोवर लावला जात होता. २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो अर्थ मोडीत काढला. धंद्यावर खरोखरच लक्षणीय भार पडत असेल तरच सोय नाकारता येईल, असे ठरवून खटला फेरविचारासाठी खालच्या न्यायालयाकडे पाठवला.

या निकालाने सहकाऱ्यांचा प्रश्न मात्र सोडवलेला नाही. एकाच्या उपासनेची किंमत दुसऱ्याच्या रविवारने चुकती होत असेल, तर त्या दुसऱ्याचेही घर असते, मुले असतात. म्हणूनच जर्मनीने पत्करलेला मार्ग विचारात घेण्याजोगा आहे. तेथील राज्यघटना रविवारला व्यक्तीचा नव्हे, समाजाचा दिवस म्हणून संरक्षण देते. बर्लिनने नाताळपूर्वीचे चारही रविवार दुकाने उघडी ठेवण्याची परवानगी दिली, तेव्हा चर्चच्या तक्रारीवरून घटना न्यायालयाने १ डिसेंबर २००९ रोजी ती तरतूद अवैध ठरवली.

मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटू नये. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी १० जून १८९० रोजी मिळाली ती सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या अनेक वर्षांच्या लढ्यामुळे. रविवार हा खंडोबाचा वार आणि कामगारांना समाजासाठी एकत्र येण्याचा दिवस, अशी त्या मागणीमागची भूमिका होती. पोप लिओ तेरावे यांचे कामगारांच्या हक्कांविषयीचे आणि रविवारच्या विश्रांतीचा आग्रह धरणारे ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक निघाले १८९१ मध्ये, म्हणजे मुंबईनंतर. खंडोबाच्या नावाने मिळालेल्या त्या रविवारी पुढे गिरणगावातील ख्रिस्ती कामगारही मिस्साला जाऊ शकला.

श्रद्धेचा दिवस ही ज्याची त्याची खासगी बाब, असे मानण्याची सवय केवळ कंपन्यांपुरती नाही. २०१५ मध्ये मुख्य न्यायमूर्तींची परिषद ३ एप्रिल रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कुरियन जोसेफ यांनी पत्र लिहून त्यास हरकत घेतली. दिवाळी, दसरा किंवा ईदच्या दिवशी असे कार्यक्रम ठेवले जात नाहीत, याकडे त्यांनी लक्ष वेधले. सरन्यायाधीश एच. एल. दत्तू यांनी उत्तरादाखल संस्थेचे हित मोठे की व्यक्तीचे, असा प्रश्न केला. नेमके हेच उत्तर, सौम्य शब्दांत, मनुष्यबळ विभागाकडून मिळत असते. चारच वर्षांनी दमण आणि दादरा नगर हवेलीच्या प्रशासनाने गुड फ्रायडे सार्वत्रिक सुट्यांच्या यादीतून काढून ऐच्छिक केला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाला हस्तक्षेप करून तो पूर्ववत करावा लागला. ती दाद शासनाविरुद्ध होती म्हणून मागता आली.

गोव्यातील कामाच्या ठिकाणी या पेचावर एक जुना, अलिखित तोडगा चालत आला आहे: चतुर्थीला ख्रिस्ती सहकाऱ्याने पाळी सांभाळायची, नाताळला हिंदू सहकाऱ्याने. वर्षातील चार-सहा दिवसांसाठी तो उत्तम चालतो. वर्षाचे बावन्न रविवार त्यात बसत नाहीत. महिन्याचा हजेरीपट आधी जाहीर करणे, आपसात पाळी बदलू देणे, महिन्यातून निदान दोन रविवारच्या सकाळी आळीपाळीने मोकळ्या ठेवणे, एवढे हॉटेल व्यवसायालाही न परवडणारे नाही. दुपारी बारापासूनची पाळी देता आली, तर सकाळची मिस्सा कुणाच्या सुटीला धक्का न लावता साधते. त्यासाठी पाळी लावणाऱ्याला गावच्या चर्चमधील मिस्साची वेळ ठाऊक असावी लागते, आणि हल्ली पुष्कळ ठिकाणी पाळ्या लावणारी संगणकप्रणाली बंगळूर किंवा मुंबईच्या मुख्यालयातून चालते.