नारळ नसलेलं बेट



दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गल्लीतला आठवीतला एक मुलगा आई-बाबांबरोबर अंदमानला जाऊन आला, आणि आल्यापासून त्याचे पाय काही जमिनीवर ठरेनात. एक दिवस बोटीने त्यांना एका चिमुकल्या बेटावर नेलं होतं म्हणे. तिथल्या नावाड्याने नारळ कसा सोलायचा, झावळ्यांचं छप्पर कसं विणायचं, भिंगाने वाळल्या काथ्याला विस्तव कसा लावायचा, सगळं शिकवलं. मग काय विचारता! संध्याकाळचं क्रिकेट बंद आणि कट्ट्यावर रोज बेटपुराण सुरू.

चार दिवसांनी सगळी फौज माझ्या ओट्यावर हजर. "काका, आपण पण बेटावर जाऊ या. जंगलात एकटं कसं राहायचं ते शिकू या."

"अरे, संभाजीनगरहून नुसता समुद्र गाठायचा तर अख्खी रात्र गाडीत जाते. आपल्याला कुठलं बेट?"

सहाही तोंडं उतरली. मग म्हटलं, आधी एक काम करा. बेटावर अडकलात तर सोबत काय काय हवं, याची प्रत्येकाने यादी करून आणा.

दुसऱ्या दिवशी याद्या आल्या. सुरी, दोर, मासे धरायचा गळ, काडेपेटी, बॅटरी, नूडल्सची पाकिटं. एकाने मोबाइल लिहिला होता आणि त्याच्यापुढे चार्जर! तो कुठे खोचणार होता देव जाणे. सहा याद्यांत मिळून चाळीसेक वस्तू होत्या, आणि पाणी एकाही यादीत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी त्यांना एक खरी गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगतो.

1965 साली प्रशांत महासागरातल्या टोंगा देशात वसतिगृहाच्या शाळेतल्या सहा मुलांना शाळेचा कंटाळा आला. (तुम्हालाही येतो, माहीत आहे. पुढे ऐका.) त्यांनी एका कोळ्याची होडी गुपचूप पळवली. सोबत केळी, थोडे नारळ आणि एक छोटी शेगडी. नकाशा नाही, होकायंत्र नाही. पहिल्याच रात्री वादळाने शीड फाडलं, सुकाणू मोडलं. आठ दिवस होडी वाहत राहिली. पाऊस पडला की नारळाच्या करवंट्यांत पाणी धरायचं आणि घोट-घोट वाटून प्यायचं. आठव्या दिवशी 'अटा' नावाचं एक ओसाड, खडकाळ बेट दिसलं.

त्या बेटावर ती पोरं पंधरा महिने राहिली! झाडांची खोडं कोरून त्यांनी पावसाचं पाणी साठवलं. लाकडावर लाकूड घासून विस्तव करायला त्यांना कित्येक आठवडे लागले. पण एकदा तो पेटल्यावर वर्षभराहून जास्त काळ विझू दिला नाही, पाळ्या लावून सांभाळला. बेटाच्या माथ्यावर चढल्यावर एका जुन्या, उजाड गावाची जागा सापडली. तिथे केळी होती, अळूसारखे कंद होते आणि रानटी झालेल्या कोंबड्या होत्या. एक जण कड्यावरून पडून पाय मोडून बसला, तर बाकीच्यांनी काठ्या बांधून तो पाय सरळ ठेवला आणि त्याच्या वाटणीचं काम केलं. भांडणं व्हायची, नाही कशाला! पण भांडण झालं की दोघांनी बेटाच्या दोन टोकांना जाऊन बसायचं, डोकं थंड झालं की परत यायचं, असा नियम होता. सप्टेंबर 1966 मध्ये पीटर वॉर्नर नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाच्या नौकेने त्यांना सोडवलं. घरच्यांनी तर त्यांचे अंत्यविधीसुद्धा उरकले होते. आणि गावी पोचल्यावर काय झालं? होडीच्या मालकाने तक्रार केली आणि सहाही जण थेट कोठडीत! वॉर्नरने होडीचे पैसे भरले तेव्हा कुठे सुटका झाली.

"आपण पण सहाच आहोत," आमच्यातला चष्मेवाला हळूच म्हणाला.

मग अंदमानवाल्याला एक गोष्ट आठवली. 26 डिसेंबर 2004च्या त्सुनामीनंतर निकोबारच्या एका छोट्या बेटावर एकच माणूस उरला होता. जवळपास पंचवीस दिवस तो नारळांवर जगला आणि अंगावरच्या कपड्यांचं निशाण हलवून त्याने नौदलाच्या बोटीला बोलावलं. हेही खरंच आहे.

"बरोबर आहे," सगळ्यांत धाकटी, सहावीतली, म्हणाली. "नारळात पाणी पण असतं आणि खोबरं पण. आपल्या डोंगरात नारळ कुठे आहे?"

मी गप्पच झालो. आपलं मराठवाड्याचं बेट म्हणजे उन्हाने भाजलेला डोंगर, आणि त्यात नारळ नाही.

म्हणून फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी आम्ही कन्नडच्या पुढे गौताळ्याच्या पायथ्याला गेलो. गौताळा औट्रमघाट अभयारण्य 1986 साली जाहीर झालं. ते आपल्या आणि जळगाव जिल्ह्यात पसरलेलं आहे. बिबटे तिथे पहिल्यापासून आहेतच, पण 2021 साली यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरच्या जंगलातून एक वाघ चालत चालत तिथवर आला होता! आम्ही मात्र अभयारण्याच्या हद्दीबाहेर, माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या माळावर राहिलो. सगळे त्यांना मामाच म्हणतात, म्हणून इथेही मामाच म्हणतो. वय सत्तरीच्या आसपास. या डोंगरात त्यांनी चाळीस वर्षं गुरं वळली.

मामांनी याद्या पाहिल्या आणि हसले. "सुरी कशाला? आधी पाणी हुडका."

आम्ही कोरड्या ओढ्यात उतरलो. दोन्ही काठांचं गवत वाळून पिवळं पडलेलं. मामा म्हणाले, हिरवं काय दिसतंय ते सांगा. वळणावर एक उंबर होता, पानांनी भरलेला, आणि त्याच्या शेजारी दोन जांभळी. तिथे वळणाच्या बाहेरच्या अंगाला पोरांनी हातांनी वाळू उकरायला घेतली. कोपराएवढं खोल गेल्यावर वाळू ओली लागली, मग खाली पाणी जमलं, गढूळ. मामांनी ते तीनदा उपसून टाकायला लावलं. चौथ्यांदा आलेलं पाणी इतकं नितळ की धाकटीने ओंजळ भरली सुद्धा! मी तिचा हात धरला. याला आपल्याकडे झिरा म्हणतात, आणि झिऱ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी सुती कापडातून गाळून, चांगली खळखळ उकळी एक मिनिटभर आणल्याशिवाय प्यायचं नाही. जंतू काही डोळ्यांना दिसत नाहीत.

उंबर-जांभळीची ही खूण फार जुनी. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी वराहमिहिराने 'बृहत्संहिता' ग्रंथात 'दकार्गल' नावाचं एक अख्खं प्रकरण लिहिलं. कोणत्या झाडाजवळ, कोणत्या वारुळाजवळ जमिनीत पाणी असतं, याचे आडाखे त्यात आहेत. मामांनी तो ग्रंथ पाहिलेला नाही. त्यांना हे त्यांच्या म्हशींनी शिकवलं.

खाण्याचं मात्र मामांनी एका वाक्यात संपवलं. "एक दिस न खाल्लं तर माणूस मरत नाही, नको ते खाल्लं तर मरतो." पाखरं खातात ते फळ आपल्यालाही चालतं, असं पुष्कळांना वाटतं. तसं अजिबात नाही, बरं का. कुचल्याची फळं धनेश पक्षी मजेत खातो आणि त्याच कुचल्याची बी माणसाचा जीव घेते. तेव्हा ओळख नाही त्याला तोंड लावायचं नाही.

"आणि वाट चुकलात तर?" मामांनी विचारलं.

सगळे एकदम बोलायला लागले. झाडावर चढू, ओढ्याच्या कडेने खाली जाऊ, सूर्य बघून चालू. मामांनी मान हलवली. "गुमान बसायचं. सावलीत, पण मोकळ्यावरून दिसेल असं. तुम्ही हलले की हुडकणाऱ्याचं काम दुप्पट."

बसायचं? एवढंच? पोरांचे चेहरे बघण्यासारखे झाले. मग मी खेळ काढला. माळावर शंभर-शंभर पावलांवर एकेक झाड. प्रत्येकाने आपापल्या झाडाखाली अर्धा तास एकटं बसायचं. जवळ पाण्याची बाटली आणि दोरीत ओवलेली शिट्टी. अडचण आली तर तीनदा शिट्टी, कारण तीन वेळा केलेली कुठलीही खूण म्हणजे मदत हवी, हे जगभर समजतं.

पालकहो, आता जे सांगतो ते तुमच्यासाठी आहे, आणि सांगताना मला बरं वाटत नाही. अर्धा तास होईपर्यंत मी फेरी मारत राहायला हवं होतं. मी मामांशी ज्वारीच्या भावावर बोलत बसलो. वेळ झाल्यावर हाक मारली, पोरं आली, मी मोजली. पाच. पुन्हा मोजली. पाचच. अंदमानवाला नव्हता. त्याच्या झाडाखाली गेलो तर फांदीला शिट्टी लटकलेली.

माझ्या पोटात गोळा आला. मी त्याचं नाव घेत धावत सुटलो, तर मामांनी दंड धरला. "पळू नका, सर. आता तुम्ही बी हरवताल. आणि वरडता वरडता त्याचा आवाज ऐकू येईना." त्यांनी पाचही पोरांना एका जागी बसवलं, मला उभं केलं आणि म्हणाले, एक हाक मारायची, मग शंभर आकडे मोजेपर्यंत श्वाससुद्धा हळू घ्यायचा. एक हाक, शंभर आकडे. एक हाक, शंभर आकडे. इतके लांब शंभर आकडे मी आयुष्यात मोजले नव्हते. त्याच्या आईला काय सांगू, एवढंच डोक्यात फिरत होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग टेकाडाच्या पलीकडून आवाज आला. टण, टण, टण. थांबला. पुन्हा टण, टण, टण.

बोरीच्या झुडपावर पिवळा टी-शर्ट पसरलेला, आणि शेजारी बनियनवर बसलेला आमचा गडी स्टीलच्या बाटलीवर दगड आपटत होता. डोळे रडून लाल. झालं होतं इतकंच की तो बाटली घेऊन बांधामागे लघवीला गेला आणि परत येताना टेकाडाची बाजू चुकला. सगळीच टेकाडं सारखी. आधी दहा मिनिटं तो भराभर चालला, मग पळाला, आणि मग त्याला मामांचं "गुमान बसायचं" आठवलं.

परत येताना त्याने माझा हात सोडला नाही. आठवीतला मुलगा, चारचौघांत! बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, बेट सोपं होतं. चालत गेलं की समुद्र लागतो, पुढे जाताच येत नाही. इथे कुणी अडवतच नाही."

संध्याकाळी मामांच्या खळ्यात विस्तवाचा धडा झाला. रानात नाही, कारण फेब्रुवारीनंतर वाळल्या गवतात एक ठिणगी पडली तरी डोंगर पेटतो. मामांनी चकमक आणि गारगोटी काढली, काटेसावरीचा जुना कापूस धरला आणि सातव्या ठोक्याला धूर! पोरांना पाऊण तासात एकदाही जमलं नाही. टोंगाच्या मुलांना इतके आठवडे का लागले, ते आता कुणी विचारलं नाही.

अंधार पडल्यावर सप्तर्षी ईशान्येला वर यायला लागले होते, शेपूट अजून क्षितिजालाच टेकलेलं. पुढचे दोन तारे जोडून रेघ पुढे नेली की ध्रुवतारा. हात सरळ ताणून मूठ धरली की ती आकाशातला साधारण दहा अंशांचा पट्टा झाकते. क्षितिजावर एक मूठ, तिच्यावर दुसरी, आणि ध्रुव बरोबर दुसऱ्या मुठीच्या माथ्यावर! कारण आपण जवळपास वीस अक्षांशावर आहोत. अंदमानात तो जेमतेम एका मुठीवर दिसतो. अटा बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्या सहा मुलांना तो कधी दिसलाच नसणार.

रात्री गल्लीत पोचल्यावर मी आधी त्या मुलाच्या घरी गेलो आणि जे झालं ते सगळं सांगितलं, ज्वारीच्या भावासकट. त्याची आई ऐकत राहिली. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तिने एकच विचारलं, "त्याच्याजवळ पाणी होतं का?"

"अर्धी बाटली होती."

ती आत गेली आणि त्याचं ताट वाढायला लागली. बोलणी दुसऱ्या दिवशी बसली, त्याच्या बाबांकडून, आणि ती मी मुकाट्याने ऐकली.

सहाही जणांनी आता मिळून एकच नवी यादी केली आहे. पहिलं पाणी. दुसरी शिट्टी, आणि तिच्यापुढे अंदमानवाल्याच्या अक्षरात, "गळ्यात. फांदीला नाही." तिसरं, कुठे चाललो आणि कधी परतणार ते घरी लिहून ठेवलेला कागद. सुरी सातव्या नंबरावर गेली. नूडल्स मात्र अजून आहेत, त्यावरून वाद चालू आहे.

या आठवड्याचं काम : रात्री आठच्या सुमारास गच्चीवर किंवा अंगणात जा, आई-बाबांनाही न्या, आणि तुमच्या गावातून ध्रुवतारा किती मुठींवर दिसतो ते मोजा. नागपूरकरांच्या दोन मुठी भरून थोडं उरेल. कोल्हापूरकरांची दुसरी मूठ पुरती भरणार नाही. गोव्याच्या दोस्तांचं काय होतं ते मला मुद्दाम कळवा.