मौनाचे विश्वस्त

२० ऑगस्ट २०२४ रोजी सकाळी बदलापूर स्थानकात संतप्त जमाव रुळांवर उतरला आणि मध्य रेल्वेचा कर्जतकडील मार्ग सुमारे १० तास ठप्प झाला. लोअर परळमधील अनेक कचेऱ्यांतील खुर्च्या त्या दिवशी रिकाम्या राहिल्या. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातून उठून डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर गाठलेल्या कुटुंबांची पुढची पिढी आज त्याच गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींत नोकरीला येते. बदलापूर आणि लोअर परळ यांच्यातील अंतर रेल्वेच्या वेळापत्रकात दिसते तेवढे नाही. म्हणूनच त्या दिवशीचा संताप शमल्यानंतरही मागे उरलेला प्रश्न हा इथल्या प्रत्येक शाळेचा, पाळणाघराचा आणि व्यायामशाळेचा प्रश्न आहे.

त्या संतापाचे कारण सर्वज्ञात आहे. शहरातील एका नामांकित शाळेतील जेमतेम चार वर्षांच्या दोन मुलींवर, शाळेतच काम करणाऱ्या सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याची तक्रार होती. शाळेचे नाव आम्ही येथे लिहीत नाही. बालकाची ओळख उघड करील असा कोणताही तपशील प्रसिद्ध करण्यास कायद्याची मनाई आहे आणि त्या तपशिलांत शाळाही मोडते, याचा विसर त्या आठवड्यात अनेकांना पडला होता. आईवडिलांना गुन्हा नोंदवून घेण्यासाठी पोलीस ठाण्यात सुमारे १२ तास तिष्ठत बसावे लागले, हे तेव्हा पुष्कळ चर्चिले गेले. उच्च न्यायालयाने २२ ऑगस्टला स्वतःहून दखल घेतली तेव्हा मात्र आणखी एक प्रश्न पुढे आला: शाळेने पोलिसांना का कळविले नाही? पुढे संस्थेच्या अध्यक्ष व सचिवांवर याच कारणासाठी गुन्हा दाखल झाला, उच्च न्यायालयाने त्यांना अटकपूर्व जामीन नाकारला आणि ऑक्टोबरच्या प्रारंभी त्यांना अटकही झाली. त्यांचा दोष किती हे न्यायालय ठरवील. मुख्य आरोपीवरील खटला मात्र कधीच उभा राहिला नाही. २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलिसांच्या वाहनात गोळी लागून तो मरण पावला. अनेकांना तो न्याय वाटला, पेढेही वाटले गेले. परंतु कोणाला काय ठाऊक होते, कधी ठाऊक झाले आणि ते कोणी दाबून ठेवले, हे साक्षीपुराव्यांतून उलगडण्याची एक मोठी वाट त्या गोळीबरोबर बंद झाली.

अपराध करणारा एक असतो. ते जाणणारे किंवा ज्यांना शंका आली आहे असे पाच-दहा जण असतात. आमचा विषय हे पाच-दहा जण आहेत.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा, ज्याला सर्वजण ‘पॉक्सो’ म्हणतात तो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. त्याच्या कलम १९ मधील कर्तव्य शिक्षक, डॉक्टर किंवा अधिकारी यांच्यापुरते मर्यादित नाही. ‘कोणतीही व्यक्ती’ असाच तेथे शब्द आहे. असा अपराध घडल्याचे जिला ठाऊक आहे, किंवा तो घडण्याची जिला धास्ती वाटते, त्या व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला वा स्थानिक पोलिसांना खबर दिलीच पाहिजे. न दिल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील माणसाचे कृत्य दडवले तर एक वर्षापर्यंत कारावास आणि दंड. सद्भावनेने खबर देणाऱ्यावर मात्र दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही, अशी हमीही त्याच कायद्यात आहे. एप्रिल २०१३ मध्ये महाराष्ट्रातीलच एका प्रकरणाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने शाळा, वसतिगृहे, बालगृहे आणि निवारागृहे यांच्या प्रमुखांना हे कर्तव्य स्वतंत्र निर्देश देऊन बजावले होते. म्हणजे बदलापूरच्या वेळी हा कायदा कोणालाही नवा नव्हता.

तरीही तो मनात उतरलेला नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील आहे. तेथील एका शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले. पीडितांची संख्या १७ वर गेली. या मुलींना उपचारासाठी ज्या डॉक्टरकडे नेले जात असे, त्याच्यावर अत्याचाराचा आरोप नव्हता. आरोप एवढाच होता की, मुलींवर काय गुदरले आहे हे कळूनही त्याने पोलिसांना सांगितले नाही. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्यावरील गुन्हा २०२१ मध्ये रद्द केला. राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २ नोव्हेंबर २०२२ रोजी न्या. अजय रस्तोगी व न्या. सी. टी. रविकुमार यांच्या पीठाने तो आदेश फिरवला. जाणूनही न कळविणे हा गंभीर अपराध आहे आणि बहुतेक वेळा तो अपराध्यांना पाठीशी घालण्याचाच प्रयत्न असतो, असा त्या निकालाचा आशय आहे. खबर वेळेत मिळाली नाही तर वैद्यकीय तपासणी लांबते, पुरावा विरून जातो आणि कायद्याचा हेतूच कोसळतो, हे न्यायालयाने दाखवून दिले. त्या वसतिगृहातील मुलींची आईवडिलांशी रोज भेट होत नव्हती. त्यांना भेटणारी मोठी माणसे म्हणजे अधीक्षक, कर्मचारी आणि औषध देणारा. यांतल्या कोणीच बोलायचे नाही असे ठरले, तर त्या मुलींनी कोणाकडे पाहायचे होते?

संस्थाजीवनाशी ज्यांचा संबंध आहे, त्यांना एक वाक्य परिचयाचे असेल: ‘आधी आपण आपल्यात चौकशी करू.’ ते वाक्य बहुधा दुष्टपणाने उच्चारलेले नसते. ३०-४० वर्षे पदरमोड करून, दारोदार देणग्या मागून, एकेक खोली बांधून ज्यांनी शाळा उभी केली, त्यांच्या तोंडून ते सहज निघते. एका हलक्या माणसापायी एवढ्या पिढ्यांची पुण्याई मातीमोल होऊ नये, असे त्यांना मनापासून वाटते. परंतु या चौकशीत घडते काय? मुलाला बोलावून चार-पाच अनोळखी वडीलधाऱ्यांसमोर उभे केले जाते. त्याला पुन्हापुन्हा तेच विचारले जाते. ज्याच्यावर संशय आहे त्याला आगाऊ सूचना मिळते. आईवडिलांना मुलीच्या भवितव्याची आठवण करून दिली जाते. अखेरीस त्या माणसाचा राजीनामा घेतला जातो, क्वचित चांगल्या वर्तणुकीच्या दाखल्यासह, आणि तो दुसऱ्या गावातील दुसऱ्या शाळेत रुजू होतो. तेथील मुलांच्या आईवडिलांना कोण सांगणार? खरे-खोटे ठरविण्याचे साधन संस्थेजवळ नाही आणि तो तिचा अधिकारही नाही. तिने फक्त खबर द्यायची आहे. तपास करणे, जबाब घेणे, वैद्यकीय तपासणी करणे यांची रीत कायद्याने नेमून दिली आहे. बालकाचा जबाब शक्यतो त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यावा आणि घेणारा पोलीस गणवेशात नसावा, येथवर.

जानेवारी २००२ मध्ये अमेरिकेतील ‘बोस्टन ग्लोब’ या दैनिकाने तेथील कॅथलिक धर्मप्रांतातील प्रकरणे उजेडात आणली. बालकांना त्रास देणाऱ्या धर्मगुरूंना वरिष्ठ पोलिसांच्या हवाली न करता एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये पाठवीत असत, हे त्यातून जगाला कळले. वर्षअखेरीस तेथील कार्डिनलना पद सोडावे लागले. आपल्याकडे या बातम्या काही जणांनी चवीने वाचल्या. ‘बघा, त्यांच्यात हे असे चालते’ म्हणून. बातमीतला खरा धडा त्या चवीत हरवला. बदली हे जे तेथील औषध होते, तेच आपल्या संस्थांच्या कपाटातही असते. परक्याच्या घरातील पाप कळवायला धैर्य लागत नाही. कसोटी लागते ती आपल्या घरातले कळविताना.

महाभारतातील द्यूतसभेची आठवण येथे अपरिहार्य आहे. भीष्म, द्रोण, कृप असे सारे आदरणीय त्या सभेत बसले होते आणि धर्म सूक्ष्म आहे म्हणून किंवा अन्नाला जागण्यासाठी म्हणून निरुत्तर झाले. विदुर बोलला, हे आपण सांगतो. विकर्णाचे नाव फारसे घेत नाही. हा धृतराष्ट्राचाच पुत्र, दुर्योधनाचा सख्खा धाकटा भाऊ. भरसभेत उठून हा अधर्म आहे असे तो म्हणाला आणि पोरसवदा म्हणून कर्णाने त्याला गप्प केले. पुढे युद्धात तो कौरवांच्याच बाजूने लढला आणि पडला. त्याची कुलनिष्ठा कोणाहून उणी नव्हती. संस्थेतील जी शिक्षिका, जी सेविका किंवा जो तरुण कार्यकर्ता ‘हे पोलिसांना सांगायला हवे’ म्हणतो, त्याला घरभेदी ठरविण्याआधी विश्वस्तांनी विकर्णाचा विचार करावा.

चांगल्या नावाचा धाक किती खोल असतो, हे याच मुंबईने पाहिले आहे. कुलाब्यात रस्त्यावरच्या मुलांसाठी ‘अँकरेज’ नावाची निवारागृहे चालत. चालवणारे ब्रिटिश नौदलाशी संबंधित म्हणून प्रतिष्ठित, मुले अनाथ किंवा पदपथावरची. २००१ मध्ये बालहक्कांसाठी काम करणाऱ्यांनी तेथील अत्याचारांची तड लावायची ठरवली, तेव्हा त्यांना आधी यंत्रणेच्या अविश्वासाशीच झगडावे लागले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने दोन ब्रिटिश नागरिकांना दोषी ठरविले, २००८ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना सोडले आणि मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दोषी ठरविले. तक्रारीपासून अंतिम निकालापर्यंत जवळजवळ १० वर्षे. या काळात ती मुले मोठी झाली. तेव्हा ‘पॉक्सो’ नव्हता, कळविण्याचे बंधन नव्हते. काही माणसांनी ते कर्तव्य कायद्याने न सांगताच केले, म्हणून तो खटला उभा राहिला.

आता दुसरी बाजू. खोटी तक्रार झाली तर एखाद्या सज्जन शिक्षकाचे आयुष्य उद्ध्वस्त होईल, ही भीती निराधार नाही. जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्याला त्याच कायद्यात शिक्षा आहे. परंतु खबर देणे म्हणजे निवाडा देणे नव्हे, आणि निवाड्याआधी गल्लोगल्ली नाव फोडणे हे तर खबर देण्याच्या नेमके उलट आहे. शांतपणे, गुप्तता राखून, योग्य ठिकाणी कळविले गेले तर निर्दोष माणसाचेही रक्षण होते. दाबून ठेवलेली गोष्ट जेव्हा स्थानकावरच्या जमावाच्या तोंडी येते, तेव्हा कोणाचेच होत नाही. वयात आलेल्या मुलामुलींच्या परस्परसंमत संबंधांबाबत हे बंधन अडचणीचे ठरते असे काही डॉक्टर व कायदेतज्ज्ञ म्हणतात. त्याचा विचार स्वतंत्रपणे व्हावा. चार वर्षांच्या मुलीच्या बाबतीत तो वाद पुढे करणे हा शुद्ध कांगावा होय.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते. ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक त्रास झाल्याचे सांगितले. त्रास देणाऱ्यांपैकी निम्मे जण मुलांच्या ओळखीचे किंवा विश्वासाच्या जागी असलेले होते, आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती. मूल सांगत नाही, म्हणून मोठ्याने ओळखायचे असते.

गिरणगावच्या चाळींत मूल साऱ्या मजल्याचे असे, उघड्या दारांतून दहा डोळे त्याच्यावर असत, असे आपण अभिमानाने सांगतो. ते खरेही आहे. मात्र त्याच चाळीत असे काही घडले तर मंडळाच्या कार्यालयात चार वडीलधारे बसून ‘बाहेर वाच्यता नको’ म्हणत मिटवून टाकत, हेही खरे आहे. त्या मिटवामिटवीत मुलाला कोणी विचारले नाही. आज ते दहा डोळेही राहिलेले नाहीत. आईवडील दोघेही कामावर, आणि मूल पाळणाघरातून शाळेत, शाळेच्या गाडीतून शिकवणीत, शिकवणीतून कराटेच्या वर्गात. दिवसाचे आठ-दहा तास ते कोणत्या ना कोणत्या संस्थेच्या हाती असते.

बदलापूरनंतर शासनाने शाळांसाठी सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पडताळणी आणि असा प्रकार लक्षात आल्यापासून २४ तासांत पोलिसांना कळविण्याचे आदेश काढले. कॅमेरा दाराशी लावता येतो. त्यात दिसलेले सांगायला माणूसच लागतो. मुलांसाठीची १०९८ ही दूरध्वनी सेवा १९९६ मध्ये मुंबईतच, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका उपक्रमातून सुरू झाली. आज ती शासन चालवते आणि देशात कोठूनही तो क्रमांक लावता येतो. आपल्या परिचयाच्या किती संस्थांच्या भिंतीवर तो मुलांच्या उंचीवर लिहिलेला आहे, हे वाचकांनी या आठवड्यात पाहून यावे.

ना. म. जोशी मार्गावरील बीडीडी चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. तेथे बालवाड्या, व्यायामशाळा, मंडळे नव्याने थाटली जातील, नियमावल्या नव्याने लिहिल्या जातील. वर्गणी किती, सभा कधी, हिशेब कोण तपासणार, हे सारे त्यांत असेलच. त्यांत आणखी दोन कलमे लिहून घ्यावीत. मुलाबाबत अशी शंका ज्या कोणाला येईल, त्याने अध्यक्षांच्या परवानगीची वाट न पाहता त्याच दिवशी पोलिसांना किंवा १०९८ वर कळवावे. आणि कळविणारी व्यक्ती झाडलोट करणारी बाई असली, तरी तिची नोकरी राखण्याची जबाबदारी कार्यकारिणीवर राहील.