आधी अनामत, मग निरोप

कॅनडाच्या वायव्य प्रदेशात नॉर्मन वेल्स येथे १९२० मध्ये इम्पीरियल ऑइल कंपनीला तेल लागले. पुढे मॅकेन्झी नदीत सहा कृत्रिम बेटे उभारून उपसा वाढवला. त्यात तेथील केंद्र सरकारची एक तृतीयांश भागीदारी. आता कंपनीने उत्पादन थांबवण्याचे ठरवले आहे. बेटे ठेवायची की काढायची, दूषित माती कुठे न्यायची, हे या नदीवर जगणाऱ्या साहटू डेने व मेटी मूलनिवासींना आराखडा झाल्यावर विचारून काय उपयोग? १९९३ च्या करारामुळे जमीन-पाणी मंडळात त्यांना जागा मिळाली. आता आराखडाही त्यांच्यासोबत बसूनच लिहावा आणि सफाईच्या पूर्ण खर्चाची अनामत आधी घ्यावी. कर्जदार गाव सोडून गेल्यावर तारण शोधून हाती काही लागत नाही.