सूतिकेचा विषाद : गोळी बंद करावयास सांगण्यापूर्वी

बाळंतिणीच्या खोलीतील शेगडीचा धूर, बाळंतशोपेचा वास आणि डिंकाच्या लाडवांचा डबा आपणांपैकी प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. बुलढाणा जिल्ह्यात आजही अनेक घरांतून पहिलटकरीण माहेरी येते, सव्वा महिना तिच्या अंगाला तेल लागते, शेक दिला जातो, पोट बांधले जाते. आचार्यांनी उपदेशिलेल्या सूतिकापरिचर्येचा एवढा मोठा अंश लोकाचारात टिकून राहिला याचा आम्हां वैद्यांना अभिमान वाटतो, आणि तो रास्तही आहे. मात्र त्याच खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली, बाळ रडले तरी हात पुढे न करणारी, लाडू तसाच ठेवून देणारी सूतिका आपल्या दृष्टीस कितपत पडते, याविषयी आम्हांस शंका आहे.

ही शंका इतरांवर घेण्यापूर्वी आमच्याच हातून घडलेली चूक सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी सातव्या आठवड्यातील एक रुग्णा तिची आई आमच्याकडे घेऊन आली. मनोविकारतज्ज्ञांनी तिला सर्ट्रालीन सुरू केले होते आणि त्यास जेमतेम तीन आठवडे झाले होते. आईने विचारले, "डाक्टरसाहेब, ह्या गोळ्यांची गरमी लेकराले लागन ना?" आम्ही नाडी पाहिली, वातप्रकोपाचे निदान केले, दशमूलारिष्ट आणि अश्वगंधा लिहून दिली व गोळ्या थांबविण्यास सांगितले. आमचे औषध चुकीचे होते असे आजही वाटत नाही. परंतु जे औषध आम्ही दिलेले नव्हते, ज्याचा गुण येण्याची वेळ आता कोठे आली होती, ते आम्ही एका वाक्यात बंद केले. पंधरा दिवसांनी ती मुलगी पहाटे विहिरीच्या काठावर बसलेली घरच्यांना सापडली. ती वाचली, पुन्हा त्याच तज्ज्ञांकडे गेली, त्याच गोळीने बरी झाली. आम्हांस दोष द्यायला कोणी आले नाही, आणि तेच अधिक बोचते.

शास्त्राने आम्हांस सावध केले नव्हते असे नाही. गर्भवृद्धीने धातू क्षीण व शिथिल झालेले, त्यात प्रवाहणाचे श्रम आणि रक्ताचा स्राव. अशा स्त्रीस होणारा व्याधी कृच्छ्रसाध्य अथवा असाध्य असतो, असे चरकाचार्य शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात स्पष्ट सांगतात. वाताच्या ऐंशी नानात्मज विकारांत त्यांनी विषादाची गणना केली आहे, आणि रोग वाढविणाऱ्या भावांत विषादास अग्रस्थान दिले आहे. सूतिकाकाल सुश्रुतांनी दीड महिन्याचा मानला, काश्यपांनी सहा महिन्यांपर्यंत नेला. या व्याधीपुरते आम्हांस काश्यपांचे मत अधिक मोलाचे वाटते. सव्वा महिना झाला, न्हाणे झाले, सासरी पाठवणी झाली की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. हा विषाद मात्र त्यानंतरही, पहिल्या वर्षात केव्हाही, प्रकट होऊ शकतो.

प्रसूतीनंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी येणारे रडू, चिडचिड, मनाची हळवी अवस्था पुष्कळ स्त्रियांना होते आणि दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. तेथे झोप, आहार आणि आपुलकी एवढे पुरते. दोन आठवडे उलटूनही उदासी हटत नाही, बाळ निजले असतानाही झोप येत नाही, बाळाला काही होईल या भीतीने छाती धडधडते, आपण आई होण्यास नालायक आहोत असे वाटते, तेव्हा तो व्याधी मानावा. तिसरा प्रकार हजारात एक-दोघींना होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच : भ्रम, भास, असंबद्ध बोलणे, झोपेचा संपूर्ण नाश. हा उन्माद होय. त्यात एक रात्रही वाट पाहू नये. घृत, नस्य, धूपन यांचा विचार रुग्णालयात पोहोचविल्यावर करावा.

हा श्रीमंत देशांतील बायकांचा आजार आहे, असे एका ज्येष्ठ सहव्यवसायींनी आम्हांस ऐकविले होते. गोव्यात म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयातील मातांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांत हा विषाद आढळला. दारिद्र्य, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी जन्मणे यांच्याशी त्याचा संबंध दिसला. देशभरातील ३८ अभ्यासांचा २०१७ साली एकत्र विचार झाला, तेव्हा हे प्रमाण २२ टक्के निघाले. म्हणजे साधारण पाच बाळंतिणींत एक. आपल्या दवाखान्यात महिन्याला किती सूतिका येतात, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

आता औषधाचा मुद्दा. सौम्य अवस्थेत समुपदेशन, विश्रांती आणि कुटुंबाचा आधार यांनी भागते. चरकोक्त सत्त्वावजय चिकित्सेला येथे मोठा वाव आहे. मध्यम व तीव्र अवस्थेत मात्र विषादहर औषधांची गरज असते, आणि ती मान्य केल्याने आयुर्वेदास कमीपणा येत नाही. सर्ट्रालीन किंवा पॅरोक्सेटिन यांचा अंश आईच्या दुधात फारच अल्प उतरतो. वजनाच्या हिशेबाने आईच्या मात्रेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी अंश बाळास मिळत असेल, तर असे औषध स्तनपानात सामान्यतः चालते असे मानतात. सर्ट्रालीनचा अंश त्याहून पुष्कळ खाली राहतो. फ्लुओक्सेटिन शरीरात दीर्घकाळ रेंगाळते, म्हणून नव्याने औषध सुरू करताना ते सहसा मागे ठेवतात. अपुऱ्या दिवसांच्या वा आजारी बाळाबाबत बालरोगतज्ज्ञांचा सल्ला हवाच. गुण येण्यास दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटू लागल्यावरही औषध काही महिने चालू ठेवावे लागते. ते एकाएकी सोडल्यास चक्कर, बेचैनी, निद्रानाश होतो आणि मूळ व्याधी उलटण्याचा धोका असतो. "उष्ण पडते" या दोन शब्दांवर ते सोडवणे किती महाग पडते, हे आम्ही वर सांगितलेच आहे.

संशोधन येथेच थांबलेले नाही. प्रसूतीनंतर काही विशिष्ट द्रव्यांची शरीरातील पातळी झपाट्याने उतरते, या निरीक्षणावरून झुरानोलोन हे केवळ चौदा दिवस घ्यावयाचे औषध निघाले व अमेरिकेत २०२३ साली त्यास मान्यता मिळाली. सूतिकावस्थेतील क्षयाचा विचार करणाऱ्या वैद्यास यात कुतूहल वाटावे.

आपली द्रव्येही निरुपद्रवी समजू नयेत. निद्रानाशाची तक्रार घेऊन आलेल्या सूतिकेस सर्पगंधा देण्याचा मोह होतो. तीतील रेसर्पिन दुधात उतरते. १९५० च्या दशकात रक्तदाबासाठी ते घेणाऱ्या काही रुग्णांत विषण्णता नोंदली गेली. त्या संबंधाविषयी पुढे मतभेद झाले, तरी विषादग्रस्त सूतिकेस ती न देणे हाच शहाणपणा होय. जटामांसी, तगर यांसारखी निद्राकर द्रव्ये झोपेच्या गोळ्यांबरोबर दिल्यास ग्लानी वाढते आणि बाळाजवळ निजणारी आई गाढ झोपी जाते. पांडू आणि थायरॉइडचे विकार विषादाचे रूप घेऊन येतात. म्हणून रक्त तपासल्याशिवाय अश्वगंधेची पुडी बांधू नये. अभ्यंग, स्नेहन, लघु व दीपन आहार हे सारे गोळीबरोबर खुशाल चालू द्यावे. त्यात विरोध नाही, उलट त्या स्त्रीस कोणीतरी स्पर्श करते आहे, याचेच मोल मोठे असते.

औषधविक्रेते बंधूंना दोन शब्द. अल्प्राझोलम २०१४ पासून 'एच-वन' अनुसूचीत आहे. चिठ्ठी हवी, नोंदवहीत नोंद हवी आणि ती तीन वर्षे जपावयास हवी. तरीही "झोपेची एक द्या" म्हणून येणारा नवरा रिकाम्या हाताने परत जातोच असे नाही. दुसरीकडे, विषादहर औषधाची रीतसर चिठ्ठी घेऊन आलेल्यास काउंटरवरूनच "हे घेतले तर दूध बंद करावे लागेल" असे सांगितले जाते. पहिल्यात औदार्य आणि दुसऱ्यात दक्षता वाटत असेल. आमच्या मते दोन्हीं ठिकाणी मर्यादा ओलांडली जाते.

घरातील मंडळी अनेकदा "बाहेरचे" समजून तिला पिंपळगाव सराईच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर नेतात. श्रद्धेशी भांडण करण्याची आमची इच्छा नाही. दर्शनास जा, पण गोळी पिशवीत असू द्या, असे आम्ही सांगतो आणि बहुतेक जण ते ऐकतात. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील तीस खेड्यांत 'विश्राम' प्रकल्पाने गावातील लोकांनाच प्रशिक्षण देऊन विषादग्रस्तांपर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न केला. उपचारापर्यंत येणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. विदर्भातील माणूस मनाविषयी बोलत नाही, ही समजूत त्याने खोटी पाडली. बोलणारा भेटला तर तो बोलतो.

कायद्यानेही आपणांस दूर ठेवलेले नाही. मानसिक आरोग्य अधिनियम, २०१७ मध्ये मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तरांची गणना मानसिक आरोग्य व्यावसायिकांत केली आहे. मानसोपचार केंद्रात दाखल असलेल्या आईपासून तिचे तीन वर्षांखालील मूल सामान्यतः वेगळे करू नये, अशी तरतूदही त्यातच आहे. "दाखल केले तर लेकरू हिसकावतील" या भीतीला ती दाखवावी. १४४१६ हा टेलिमानस सेवेचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, त्यावर मराठीत बोलता येते व शुल्क पडत नाही. तो चिठ्ठीच्या पाठीमागे लिहून देण्यास अर्धा मिनिट पुरतो.

आशा ताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते, बाळाचे वजन करते. त्याच दिवसांत ती आई आपल्याकडेही येते, कंबर दुखते म्हणून किंवा दूध कमी पडते म्हणून. आमच्या दवाखान्यात आता सूतिकेच्या केसपेपरवर मल, मूत्र, स्तन्य, निद्रा यांच्याखाली आणखी एक ओळ छापून घेतली आहे : जीव नकोसा वाटतो का? हा प्रश्न आम्ही सासू व आई यांना क्षणभर बाहेर बसवून विचारतो. गेल्या महिन्यात एकीने त्याचे उत्तर शब्दांत दिले नाही, नुसती मान हलविली. तिला आम्ही त्याच दिवशी दुपारच्या एसटीने तज्ज्ञांकडे पाठविले, सोबत दशमूलारिष्टाची बाटली आणि तज्ज्ञांसाठी एक पत्र देऊन.